गोदी एसटीत बसली

हणमंत शेडबाळ्यांचा निरोप आला तेव्हा धर्मेंद्रभाऊ दाढी करत होते. डावा गाल झाला होता, उजव्यावर फेस होता. आरशाखालच्या फळीवर मोबाईल वाजला, त्यांनी ओल्या बोटाने तो उघडला, आणि उजवा गाल त्या दिवशी तसाच राहिला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिवसभर ते लोकांना डावीकडूनच भेटले.

निरोप असा होता: 'आपण माझ्या कादंबरीवर लिहिलेलं वाचलं. शेवटाविषयी बोलायचं आहे. समोरासमोर. पुढच्या आठवड्यात व्याख्यानाला नंदुरबारला येतो आहे. तिथून शहाद्याला आपल्या घरी येईन. ह. शेडबाळे.'

यात धमकी कुठेच नव्हती, आणि धर्मेंद्रभाऊंना तेच सगळ्यात वाईट वाटलं. शिव्या देणारा माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. हा गृहस्थ तापीवरचा प्रकाशा गावाचा पूल ओलांडून घरी येणार म्हणत होता. शिवाय 'समोरासमोर' या एकट्या शब्दापुढे त्याने पूर्णविराम दिला होता. असा पूर्णविराम देणाऱ्या माणसाचा काय भरवसा?

शेडबाळ्यांची ख्याती तशी होतीच. 'पुस्तकपार' नावाचा जो पुस्तकवेड्यांचा मोठा समूह फेसबुकवर आहे, तिथे त्यांचं नाव निघालं की लोक जपून लिहीत. सांगलीकडच्या एका कार्यक्रमात त्यांनी एका समीक्षकाला छत्रीने मारलं होतं म्हणे. कुणी म्हणे छत्री नव्हे, स्वतःची कादंबरीच फेकली होती. ती कादंबरी ज्याने हातात धरली आहे त्याला छत्रीच बरी वाटेल. तिचं नाव 'सुन्या रहाटाची विहीर'.

आणि याच 'पुस्तकपारा'वर शहाद्याचे धर्मेंद्र पाटील हे वजनदार नाव होतं. दर रविवारी त्यांचं रसग्रहण येई. पुण्याच्या निवृत्त प्राध्यापिका खाली लिहीत, 'सर, केवढं सूक्ष्म वाचन!' अमेरिकेतून लोक हात जोडत. कचेरीत धर्मेंद्रभाऊंचं नाव फक्त फाईल हरवली की निघे. इथे त्यांना लोक 'सर' म्हणत. यंदा तर समूहाने त्यांना 'पाराचा मानकरी' करायचं जवळजवळ ठरवलं होतं. शालीचा रंगसुद्धा विचारून झाला होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती चालली असताना धर्मेंद्रभाऊंकडे कुणी बघू नका. धर्मेंद्रभाऊ पुस्तकं वाचत नसत.

वाचायच्या त्या त्यांच्या पत्नी, कामिनीवहिनी. गावातल्या वाचनालयातून पुस्तक आणायचं, दुपारी आडवं पडून वाचायचं आणि संध्याकाळी सासूला सांगायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. सासू म्हणजे सुगंधाबाई. मोतीबिंदू काढूनही त्यांना बारीक अक्षर दिसेना, पण गोष्टीची भूक मात्र तरण्या पोरीसारखी. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून त्या ओसरीवर येत, मध्ये तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप असे, दोघी शेंगा सोलत आणि कामिनीवहिनी तोंडाने कादंबरी सांगत. धर्मेंद्रभाऊ बाजूच्या झोक्यावर मोबाईल चाळत बसलेले. त्यांचं लक्ष नाही असं दोघींना वाटे. लक्ष पुरतं होतं. शेंगा संपेपर्यंत त्यांचं रसग्रहण तयार व्हायचं.

इथवर ठीक होतं. नवऱ्याने बायकोचं उचलावं यात जगावेगळं काही नाही. घोटाळा सुगंधाबाईंच्या नियमात होता. तापीकाठच्या त्यांच्या माहेरी पक्का दंडक होता, की दिवा लागल्यावर घरात कुणाच्या मरणाची गोष्ट काढायची नाही; काढली तर ते मरण उंबरा ओलांडून आत येतं. गोष्टीतला माणूस नदीत पडला तर पलीकडच्या काठाला लागलाच पाहिजे. "दिवा लागना का कोनले मारानं नही," एवढंच सुगंधाबाई म्हणत. तेव्हा कामिनीवहिनी कादंबरी इमानेइतबारे सांगत, आणि शेवटाला आल्या की देवघराकडे एक नजर टाकून जो कोणी मरायच्या बेतात असेल त्याला सुखरूप घरी आणत.

धर्मेंद्रभाऊंना याचा पत्ताच नव्हता. लहानपणापासून गोष्टी अशाच ऐकलेल्या. मराठी कादंबऱ्यांचे शेवट बरे गोड असतात, लोक उगीच रडगाणं म्हणून नावं ठेवतात, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. समूहाने त्यांना 'आशावादी रसिक' म्हटलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं.

'सुन्या रहाटाची विहीर'वर त्यांनी लिहिलं होतं: 'शेवटी गोदी रिकामी कळशी विहिरीच्या काठावर ठेवते, हमरस्त्यावर येते आणि एसटीला हात करते. खिडकीबाहेर केळीच्या बागा मागे पडत जातात. माहेरच्या दारात आई म्हणते, "उनी का बेटा? हातपाय धू." दुष्काळी भागातल्या या कादंबरीत लेखकाने केळीच्या बागा आणि अहिराणी बोली कशासाठी आणली असावी, यावर जाणकारांनी विचार करावा.'

जाणकारांनी केला. कुणी त्याला धाडसी भाषिक प्रयोग म्हटलं. कुणी लिहिलं, 'केळीच्या बागा हे हरवलेल्या ओलाव्याचं प्रतीक.' चाळीसेक लोकांनी तर शेवट वाचून डोळे पाणावल्याचं कळवलं.

कचेरीत त्या दिवशी धर्मेंद्रभाऊंनी घाबरत घाबरत मोबाईलवर शेडबाळ्यांचं नाव शोधलं. एक जुनी मुलाखत सापडली. त्यात शेडबाळे म्हणाले होते, 'गोदीला विहिरीतून बाहेर काढणं मला जमलं नाही.'

बाहेर काढणं म्हणजे? गोदी आत होती?

संध्याकाळी घरी येईपर्यंत दिवा लागून गेला होता. त्यांनी कामिनीवहिनींना स्वयंपाकघरात गाठलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "त्या विहिरीवाल्या पुस्तकात शेवटी काय होतं गं? खरंखुरं?"

कामिनीवहिनींनी देवघराकडे बोट केलं. "दिवा शे. सकाय इचारा."

"अगं, वाईट होतं का? नुसतं हो की नाही सांग!"

"सांगं ना एकदाव, सकाय. तुमले आज कसाले पुस्तकनं पडनं?"

म्हणजे होच. नाही असतं तर दिव्यादेखत सांगितलं असतं. ओसरीवर सुगंधाबाई आपल्याशीच म्हणत होत्या, "गोदी आते मायजोडे बठी व्हई. चुलाजोडे." गेल्या पंधरवड्यापासून हे चालू होतं. दुसरं पुस्तक सुरू झालं तरी म्हातारीच्या मनातून गोदी जात नव्हती.

माणूस घाबरला की शेजाऱ्याकडे जातो आणि तिथून दुप्पट घाबरून परत येतो. धर्मेंद्रभाऊंचे शेजारी ललितभाऊ ठिबक सिंचनाच्या नळ्या विकत आणि सल्ला फुकट देत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ, तू काय घाबरी ऱ्हायना? मी शे ना," ते म्हणाले. "सांगी दे, मोबाईल कोणी हॅक करा."

"हॅक करून कुणी रसग्रहण लिहितं का?"

"मंग आजारी पड. आजारी मानूसजोडे कोण भांडाले येस?"

धर्मेंद्रभाऊ नको नको म्हणेपर्यंत ललितभाऊंनी त्यांच्याच मोबाईलवरून समूहावर टाकून दिलं: 'धर्मेंद्र पाटील सर यांची प्रकृती अचानक बिघडल्याने त्यांना दवाखान्यात दाखल केले आहे. भेट शक्य नाही.' कुठला दवाखाना असं लगेच कुणीतरी विचारलं. शहाद्याचं नाव दिलं तर गावातले लोक बघायला जातील, म्हणून ललितभाऊंनी डोकं लढवून लांबचं चिंचपाडा लिहिलं.

पुढच्या घटकाभरात 'पुस्तकपारा'वर फुलांचे गुच्छ, गणपती आणि महामृत्युंजय जप यांचा पाऊस पडला. पुण्याच्या बाईंनी लिहिलं, 'इतकं वाचन डोळ्यांवर आणि मेंदूवर येणारच.' कचेरीतल्या एकाने ते वाचून साहेबांना सांगितलं, आणि साहेबांचा फोन आला, की रजेचा अर्ज आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र नियमाप्रमाणे सात दिवसांत सादर करावं, लवकर बरे व्हावं. आणि सगळ्यांच्या खाली शेडबाळ्यांची ओळ आली: 'गाडी चिंचपाड्यावरूनच येते. थांबली तर तिथेच उतरतो, नाही तर नवापूरहून रिक्षा करतो. आता तर भेटायलाच हवं.'

"हाऊ मानूस दवाखानामा येई मारी!" ललितभाऊ कौतुकाने म्हणाले.

मग धर्मेंद्रभाऊंना घाईघाईने बरं व्हावं लागलं. 'घरी सोडले आहे' असा निरोप गेला, त्यावर पुन्हा गुच्छ आले, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी त्यांच्याकडे नखशिखांत पाहून, इतक्या लवकर बऱ्या झालेल्या आजाराचं नाव लेखी मागितलं.

त्याच दिवशी सकाळी अर्थातच कामिनीवहिनींना सांगावं लागलं. धर्मेंद्रभाऊंना शेडबाळ्यांची भीती होती, पण ती निदान आठवड्याच्या अंतरावर होती. कामिनीवहिनी समोर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात लाटणं होतं.

"म्हणजे मी आईले सांगं, ते सगळं तुम्ही तठे लिखी टाकं?"

"सगळं नाही. थोडं शुद्धलेखन केलं."

"दर रईवारले?"

धर्मेंद्रभाऊंनी मान खाली घातली.

"त्यामा मन्हं नाव कोठे शे?"

याचं उत्तर कुठल्याच शुद्धलेखनात नव्हतं. कामिनीवहिनींनी लाटणं खाली ठेवलं, पण एका शब्दानेही रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "गोदी विहीरमा गयी. ती मरी गयी. तुमले खरं आयकनं व्हतं ना? आते जा, वाचा. एक तरी पुस्तक वाचा."

वाचायला पुस्तक हवं. वाचनालयात ग्रंथपाल अजितभाऊंनी वही न बघताच सांगितलं, "बाइंडिंगला गेलंय. वहिनींनी परत केलं तेव्हाच पाठ सुटली होती." परत केव्हा येईल? तर बांधणीची मंजुरी कार्यकारिणीच्या सभेत, सभेला गणसंख्या लागते, दोन सभासद लग्नसराईत अडकलेत. मग बांधणारा कोण? अजितभाऊंनी आधी ते गोपनीय असल्यासारखा चेहरा केला, मग खिडकीतून समोरचं दुकान दाखवलं.

दुकान रूपसिंगदादांचं. आत खळीचा वास, शाळांची हजेरीपत्रकं, देवस्थानांच्या वह्या, आणि एका कोपऱ्यात 'सुन्या रहाटाची विहीर' उकलून ठेवलेली. पुठ्ठा वेगळा, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे, आणि त्यांवर दगड.

"वाचा," रूपसिंगदादा म्हणाले, "पन घरी नेऊ नका आणि फर्मे उलटेपालटे करू नका. एकदा एका मास्तरनं केलं, त्या पुस्तकात आजोबा लग्नाआधी मेले."

धर्मेंद्रभाऊंनी आधी शेवटचा फर्मा ओढला. गोदी विहिरीकडे जाते. रहाट सुना आहे. कळशी काठावर सापडते, गोदी नाही. बस्स. केळी नाही, एसटी नाही, आई नाही. भीतीने त्यांनी त्याच्या आधीचा फर्मा घेतला, मग त्याच्या आधीचा. तीन-चार दिवस ते कचेरी सुटली की तिथे जाऊन बसत, आणि शेवटी पहिल्या फर्म्यापासून शेवटापर्यंत सरळ वाचून निघाले. एवढी वर्षं 'वेदनेचा अस्सल हुंकार' असं त्यांनी शेकडो वेळा लिहिलं होतं. तो हुंकार आता खळीच्या डब्याशेजारी बसल्यावर त्यांच्याच घशातून आला. ते रडले. खरंच रडले. रूपसिंगदादा म्हणाले, "कागद ओला नका करू, खळ धरत नाही."

आणि तिथून त्यांच्या भीतीने कूस बदलली. शेडबाळे छत्रीने मारतील ही भीती होतीच. मान जाईल, शाल जाईल, तेही खरं. पण हा संतापलेला माणूस घरात येऊन ओसरीवर मोठ्याने म्हणाला, की कुठली एसटी, गोदी तर मेली, तर? आईसमोर? आई अजून रोज तिची खुशाली विचारते. परवाच म्हणाली होती, "गोदीले सांगा, सासरले जावानी घाई करू नको."

म्हणून बेत ठरला: पाहुण्यांना दुपारी जेवायला बोलवायचं आणि ऊन असतानाच वाटेला लावायचं. दिवसाउजेडी काय ते बोलू दे, आईला आत झोपवू. कामिनीवहिनींनी खापरावरचे मांडे केले, वांग्याचं भरीत केलं. नवऱ्याशी बोलणं अजून जरुरीपुरतंच होतं, पण पाहुणा तो पाहुणा.

दुपारी पाहुणे आले नाहीत. व्याख्यान लांबलं होतं. तीन वाजले, चार वाजले. धर्मेंद्रभाऊ फाटकापाशी उभे राहून सूर्याकडे असे बघत होते की ललितभाऊंना वाटलं ग्रहण आहे. थंडीचे दिवस, ऊन भराभर खाली जात होतं. उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा रिक्षा थांबली आणि आतून आधी एक छत्री बाहेर आली.

छत्रीमागून हणमंत शेडबाळे आले. उंच, पांढऱ्या मिशा, चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. थंडीच्या दिवसांत या माणसाला छत्री कशाला हवी, हा प्रश्न धर्मेंद्रभाऊंच्या मनात आला आणि त्याचं उत्तरही लगेच आलं. ललितभाऊ 'मी शे ना' म्हणाले आणि स्वतःच्या घरात गेले.

शेडबाळे ओसरीवर बसले. पाणी प्यायले. मांडा खाल्ला. छत्री गुडघ्यांत धरलेली. शेवटी ते म्हणाले, "पाटील, शेवटाविषयी..."

"अजून एक मांडा घ्या ना सर!" धर्मेंद्रभाऊ ओरडलेच.

तेवढ्यात आतून सुगंधाबाईंची चाहूल लागली. दिव्याची वेळ झाली होती. धर्मेंद्रभाऊंना या वेळी जी युक्ती सुचली ती भीतीपोटीच सुचू शकते. दिवा लागल्यावर मरणाचं नाव काढायचं नाही ना? मग दिवा लागूच द्यायचा नाही, म्हणजे शेडबाळे काही बोलले तरी दंडक मोडणार नाही! ते पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले, देवघरातली काडेपेटी खिशात घातली आणि परत येऊन बसले.

"कामिनी, काडेपेटी कोठे गयी वं?" आतून आवाज आला. कामिनीवहिनींनी शोधलं, नाही. गॅसजवळचा लायटर काल बिघडलेला. सुगंधाबाई चाचपडत बाहेर आल्या, हातात तेलवात घातलेली समई. "धर्मेंदर, तुन्हाजोडे शे का काडी?"

"नाही गं आई," धर्मेंद्रभाऊ म्हणाले, आणि त्यांच्या खिशात काड्या खुळखुळल्या.

शेडबाळ्यांनी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. मग आपल्या कोटात हात घातला, विडीबरोबरची काडेपेटी काढली आणि उठून म्हणाले, "द्या आई, मी लावतो." त्यांनी स्वतःच्या हाताने वात पेटवली, वाऱ्याला आडोसा धरून समई आत नेऊन ठेवली. धर्मेंद्रभाऊंचा शेवटचा बुरूज पडला.

सुगंधाबाई हात जोडून आल्या आणि पाहुण्यांच्या समोरच बसल्या.

"तुम्हीच का गोदीनं पुस्तक लिखनार?"

"हो, आई."

"सून सांगस माले. बरं करं भो तुम्ही. पोरले एसटीमा बसाडं, घर पोचाडं." त्या थांबल्या. "एक इचारू? मन्हा जीवले तेच लागी ऱ्हायनं. तिना मायनी तिले ठी लिधं ना? परत सासरले धाडं नही ना?"

धर्मेंद्रभाऊंनी डोळे मिटून घेतले. कामिनीवहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. शेडबाळ्यांच्या मिशा पहिल्यांदाच थरथरल्या. त्यांनी आत तेवणाऱ्या समईकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"नाही धाडलं, आई," ते म्हणाले. "ठेवून घेतलं."

"बरं व्हयनं," सुगंधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तुरीचं सूप पुढे ओढलं. शेडबाळे मुकाट्याने शेंगा सोलायला लागले.

निघताना त्यांनी रिक्षा नको म्हटलं; एसटीनेच जाईन म्हणाले. धर्मेंद्रभाऊ आणि कामिनीवहिनी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. फलाटाच्या बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "पाटील, आता खरं सांगा. तुम्हाला एसटीचं कोणी सांगितलं?"

धर्मेंद्रभाऊंना कळेना.

"पुस्तकात एसटी नाही. मी घातलीच नाही ती, धजलो नाही. गोदी म्हणजे माझी आक्का. ती अशीच कळशी ठेवून, एसटीत बसून घरी आली होती. आईनं तिला जेवू घातलं आणि त्याच एसटीनं परत पाठवलं. स्टँडवर सोडायला मी गेलो होतो. पिशवी मीच धरली होती. विहीर त्याच्यानंतरची." ते छत्रीच्या मुठीकडे बघत बोलत होते. "हे आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. तुमच्या लेखात एसटी वाचली आणि मला वाटलं, शहाद्यात कुणीतरी आमच्या गावचं आहे. सगळं जाणतंय. फार भीत भीत आलो मी."

हा माणूस त्यांना भीत होता! मग त्यांनी आयुष्यात क्वचित केलेली गोष्ट केली. त्यांनी बाजूला सरकून बायकोकडे हात केला. "सर, मी नाही लिहिलं. मी तर पुस्तक गेल्या आठवड्यात वाचलं. ते सगळं हिचं आहे."

कामिनीवहिनी पदर सावरत म्हणाल्या, "माले काय माहीत नव्हतं, सर. दिवा लागेल व्हता. दिवा लागना का आम्ही कोनले मरू देतस नही. मंग पोर जाई कोठे? मायजोडेच जाई ना."

शेडबाळ्यांनी मान हलवली. नंदुरबारची गाडी लागली. धर्मेंद्रभाऊंनी त्यांची पिशवी वर ठेवून दिली, ते खिडकीशी बसले, कंडक्टरने घंटा मारली. गाडी हलताना ते खिडकीतून म्हणाले, "आईंना सांगा, पोचल्यावर फोन करतो."

घरी येईपर्यंत 'पुस्तकपारा'वर त्यांची ओळ पडली होती. गाडीतूनच लिहिलेली दिसत होती: 'शेवटाविषयीचं म्हणणं बरोबर आहे. तो एसटीचा शेवट सौ. कामिनी पाटील यांचा आहे. पुस्तकातला माझा शेवट चुकला होता.' आणि खाली भराभर अंगठे येत होते. 'अगदी खरं सर! मलाही वाचताना तसंच वाटलं होतं.' 'आम्ही तर हाच शेवट वाचला.' पुण्याच्या बाईंनी विचारलं होतं, की सौ. कामिनी या समूहात आहेत का, असल्यास शालीचा रंग कळवावा.

कामिनीवहिनींनी मोबाईल नवऱ्याच्या हातून घेतला, वाचला, आणि आठवड्यानंतर पहिल्यांदा हसल्या. "यासमधला एकबी वाचत नही?"

"एकही नाही," धर्मेंद्रभाऊ म्हणाले आणि शेंगांचं सूप घेऊन खाली बसले.

तासाभराने फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं, ठेवला.

"कोन व्हतं रे?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"ते पाहुणे, आई. पोचले."

"घर?"

शेडबाळे नंदुरबारच्या लॉजवर पोचले होते. धर्मेंद्रभाऊंनी देवघराकडे एक नजर टाकली.

"हो, आई. घर पोचले."